भादव्याच्या आत

अगं, हे विचारायला तुला इतका संकोच का वाटावा? आपण शेतकऱ्याच्या पोरी. गाय माजावर आली की घरातली म्हातारी माणसं जेवता जेवता त्यावर बोलायची आणि कुणाला काही वाटायचं नाही. मग घरातल्या चिंगी कुत्रीबद्दल बोलताना आवाज खाली घ्यायचं कारण नाही. आमच्या पाहुण्यांसमोर, म्हणजे तुझ्या नवऱ्यासमोर बोल, सासूबाईंसमोर बोल, जेठांनाही विचारात घे, कारण शेरू कुत्रा त्यांच्या मिरची वाळवायच्या पथारीवर असतो. घरातल्या चिंगीची नसबंदी करायची का आणि मिरचीच्या पथारीवरच्या शेरूची करायची का, असं तू एका दमात विचारलंस. मला मात्र हे दोन निर्णय वेगळे वाटतात, आणि त्यांच्या वेळाही वेगळ्या आहेत. शेरूचं निवांत बघू. चिंगीचं या आषाढातच ठरवायला हवं.

आधी तुझ्या घराचं फाटक डोळ्यासमोर आण. सकाळी दूधवाला येतो, पोरं शाळेला निघतात, नळ आले की नळी घेऊन कुणी ना कुणी बाहेर पळतं. दोंडाईच्यात किती घरांची फाटकं दिवसभर बंद असतात, सांग बरं? डॉक्टरांकडे जाण्याआधी मला विचारशील तर हाच प्रश्न सगळ्यात मोठा आहे. कुत्रीचा माज साधारण तीन आठवडे चालतो. पहिला आठवडा-दहा दिवस रक्त जातं, तेव्हा ती नराला जवळ येऊ देत नाही. पुढचे आठ-दहा दिवस मात्र ती स्वतःच वाट बघते. रक्त कमी झालं, फिकट झालं, म्हणून घरच्यांना वाटतं की संपलं, आणि नेमके तेच दिवस धोक्याचे असतात. तिचा वास चार गल्ल्या ओलांडून जातो. एरवी पायाशी झोपणारी पोर त्या दिवसांत फाटकाच्या फटीतून अंग काढून पळते. एवढे तीन आठवडे, दर माजाला, तुझ्या घरातली सात माणसं फाटक लावायला विसरणार नाहीत, असं तू छातीवर हात ठेवून म्हणू शकत असशील तर तुला विचार करायला भरपूर वेळ आहे. म्हणू शकत नसशील, तर अर्धा निर्णय झालाच म्हणून समज.

आणि चिंगी गावठी आहे. पाळलेल्या जातिवंत कुत्र्या वर्षात केव्हाही, साधारण सहा-सात महिन्यांच्या अंतराने माजावर येतात. आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा हंगाम मात्र ठरलेला, पाऊस ओसरताना. भादव्यातली कुत्री म्हणून मराठीत जी बोलणी आहेत, ती उगाच झालेली नाहीत. त्रेसष्ट दिवसांची गाभण, म्हणजे पिल्लं येतात कार्तिक-मार्गशीर्षात, थेट थंडीत. चिंगी पौषातली, आज सहा महिन्यांची. भादव्यात ती आठ महिन्यांची होईल आणि पहिला माज त्याच सुमारास येण्याची शक्यता फार मोठी आहे. तिचं वय आणि गल्लीतल्या नरांचा हंगाम दोन्ही एकाच वेळी गाठतील. म्हणून घाई करते आहे.

पिल्लं झाली तर वाटून टाकू, असं पाहुणे म्हणाले ना? त्यांच्या मनात वाईट काही नाही, मला माहीत आहे. पण पाच-सहा पिल्लांपैकी नर दोन कुणीतरी नेतो. मादी पिल्लं कुणी घेत नाही. ती बाजार समितीच्या मागे, नाहीतर स्टेशनकडे सोडून येतात, आणि सोडणारा स्वतःची समजूत घालतो की तिथे खायला मिळेल. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावर जन्मलेल्या ३६४ पिल्लांवर नजर ठेवली होती. सात महिन्यांची होईपर्यंत त्यातली १९ टक्केच जगली. म्हणजे पाचातलं जेमतेम एक. आणि जी गेली, त्यातली निम्म्याहून जास्त माणसामुळे गेली: गाडीखाली, मारहाणीत, विषाने, उचलून नेल्याने. हा अभ्यास २०१६ साली छापून आला. तो वाचल्यापासून ‘वाटून टाकू’ हे शब्द माझ्या कानाला सहन होत नाहीत. चिंगी स्वतः तशाच एका वेतातली आहे. तिची भावंडं कुठे आहेत, सांगता येईल तुला?

सासूबाई म्हणतात, ‘एकदाव तरी तिले पिला व्हऊ द्या, मुका जीव शे.’ त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्या मायेने बोलतात, आणि त्यांच्या मायेला उत्तर मायेनेच द्यायला हवं. त्यांना एवढंच सांग की एकदा व्यायल्याने कुत्रीची तब्येत सुधारते, स्वभाव शांत होतो, याला कुठलाही आधार सापडलेला नाही. बाईला मूल हवंसं वाटतं ते वर्षानुवर्षं मनात असतं. कुत्रीच्या बाबतीत ती ओढ माजाच्या दिवसांपुरती असते, आणि नसबंदीनंतर ती ओढच उरत नाही. झुरत बसलेली कुत्री मी तरी पाहिलेली नाही. आणि पाप लागेल असं त्यांच्या मनात असेल तर पोळ्याची आठवण करून दे. ज्या बैलांना आपण शिंगं रंगवून, झूल घालून ओवाळतो, ते बहुतेक बैल खच्ची केलेलेच असतात. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरात हे होत आलं, आणि त्यात भूलही नव्हती, दुखणं कमी करणारं औषधही नव्हतं. चिंगीला दोन्ही मिळणार आहे.

आता तब्येतीचं सांगते, कारण निर्णयाचं खरं वजन तिथे आहे.

न व्यायलेली किंवा व्यायलेली, कुठलीही नसबंदी न झालेली कुत्री वयात आली की तिच्या गर्भपिशवीत पू होण्याचा धोका वाढत जातो. डॉक्टर त्याला पायोमेट्रा म्हणतात. माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत कुत्री सुस्त होते, खाणं टाकते, पाणी मात्र ढसाढसा पिते, उलट्या करते. कधी मागून पू गळतो, तो दिसतो तरी. कधी पिशवीचं तोंड बंद राहतं, तेव्हा बाहेर थेंबही येत नाही आणि आत विष भरत राहतं. आमच्या ओळीतल्या एका घरची पामेरियन नऊ वर्षांची होती. पाणी फार पिते म्हणून सगळ्यांना उन्हाळ्याचा परिणाम वाटला. एप्रिल-मे मध्ये इथे पारा ४४-४५ वर जातो, त्यामुळे तसं वाटणारच, कुणाला दोष द्यायचा? सोनोग्राफीसाठी तिला धुळ्याला नेईपर्यंत फार उशीर झाला. निरोगी सहा महिन्यांच्या पोरीचं ऑपरेशन आणि तापाने फणफणलेल्या नऊ वर्षांच्या म्हातारीचं ऑपरेशन, शस्त्रक्रिया तीच, पिशवी काढणं तेच, पण धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

हे दुखणं किती कुत्र्यांना होतं, याची चांगली नोंद स्वीडनमध्ये आहे. तिथे कुत्र्यांची नसबंदी करण्याची फारशी पद्धत नाही, आणि बऱ्याच कुत्र्यांचा विमा उतरवलेला असतो. त्या विम्याच्या नोंदींवरून दिसतं की दहा वर्षांची होईपर्यंत चार-पाच कुत्र्यांमागे एकीला पायोमेट्रा होतो. जातीनुसार हे कमी-जास्त होतं, पण आकडा छोटा नाही.

दुसरं दुखणं स्तनांच्या गाठींचं. १९६९ साली अमेरिकेतला एक अभ्यास आला. पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या कुत्र्यांत या गाठींचा धोका, न झालेल्यांच्या तुलनेत, अर्धा टक्काच उरतो. एका माजानंतर केली तर आठ टक्के, दोन माजांनंतर सव्वीस. हे आकडे जगभर डॉक्टरांच्या तोंडी आहेत. पण तुला मी एकच बाजू सांगणार नाही. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी असे सगळे जुने अभ्यास पुन्हा तपासले आणि त्यांचा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही, असं लिहिलं. म्हणून एखादा डॉक्टर ‘पहिल्या माजाआधी नाही केली तर कॅन्सर होणारच’ असं म्हणाला तर घाबरून जाऊ नकोस. फायदा आहे, बहुधा चांगला मोठा आहे, पण तेवढ्या एका आकड्यावर निर्णय घ्यायचा नाही.

उलट बाजूही ऐक. नसबंदीनंतर काही कुत्र्यांना, जास्त करून मोठ्या अंगाच्या, झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो. बहुतेकींचा तो गोळीने आटोक्यात येतो, पण गोळी पुढे चालू ठेवावी लागू शकते. वजन वाढतं, कारण शरीराची भूक तशीच राहते आणि गरज पाव हिश्श्याने, कधी त्याहूनही जास्त कमी होते. आणि तिसरी गोष्ट हाडांची. हीच मला तुला नीट समजावून सांगायची आहे, कारण आपल्या आजोबांना ती कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत होती.

गोऱ्हा लहान असताना ते कधी खच्ची करू देत नसत. ‘अंगात भरू द्या, दाती येऊ द्या,’ म्हणायचे. कोवळ्या वयात खच्ची केलेला गोऱ्हा उंच होतो पण छातीत भरत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. हाडांची वाढ थांबवण्याचा निरोप शरीराला याच ग्रंथींच्या स्रावांतून मिळतो. ग्रंथी लवकर काढल्या की हाडं थोडी जास्त वेळ वाढत राहतात, सांध्यांचा जोड बिघडू शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात बेंजामिन हार्ट आणि लिनेट हार्ट यांनी नेमकं हेच कुत्र्यांत शोधलं. २०१३ साली त्यांनी गोल्डन रिट्रीव्हरपासून सुरुवात केली, आणि २०२० मध्ये ३५ जातींचा अभ्यास छापला. लहान जातींत लवकर नसबंदी केल्याने सांध्यांचं दुखणं वाढलेलं दिसलं नाही. बहुतेक मोठ्या जातींत मात्र वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांना खुब्याचे, गुडघ्याचे, कोपराचे त्रास कितीतरी जास्त निघाले. लॅब्राडॉर मादीसाठी त्यांचा सल्ला वर्ष उलटू देण्याचा आहे. जर्मन शेफर्डसाठी नर असो वा मादी, जवळपास दोन वर्षं. मिश्र जातीच्या कुत्र्यांत वीस किलोच्या वर जाणाऱ्यांना वर्षभर थांबा, त्याखालच्यांना तशी गरज नाही.

आता हे सगळं चिंगीवर बसवून बघ. ती गावठी, अंगाने बारीक, पूर्ण वाढली तरी पंधरा-सोळा किलोच्या पुढे जाणार नाही. सांध्यांची काळजी तिच्या बाबतीत फारशी नाही. पायोमेट्रा, गाठी, पिल्लं, आणि तुमचं फाटक, हे सगळं एकाच बाजूला झुकतं. तिची करून टाक, भादवा लागायच्या आत. तुझ्याकडे लॅब्राडॉरची मादी असती तर मी पहिला माज कडेकोट बंदोबस्तात जाऊ दे म्हटलं असतं, आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी कर म्हटलं असतं. माज चालू असताना आणि त्यानंतर लगेच गर्भपिशवीच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव जास्त होतो. म्हणून माजात असताना ऑपरेशन टाळायचं. माजानंतर कधी कधी कुत्रीला खोटी गाभण राहते, आचळांत दूध येतं, चपला-खेळणी पिल्लांसारखी गोळा करते. ते ओसरल्याशिवायही करायचं नाही.

पावसाळ्यात जखम चिघळेल, अशी शंका तुझ्या मनात येईल. बरोबर आहे. ऋतूचा विचार करता कार्तिक ते माघ हा आपल्याकडे सगळ्यात चांगला काळ. उन्हाळ्यात गळ्यातल्या प्लास्टिकच्या कॉलरने जीव घाबरा होतो, आणि पावसात माशा बसून जखमेत अळ्या पडायची भीती. पण चिंगीसाठी थंडीची वाट बघणं म्हणजे भादवा अंगावर घेणं. तेव्हा पावसातच करू, फक्त टाके सुकेपर्यंत तिला घरात, कोरड्या फरशीवर ठेवायचं. लघवीलाही गळ्यात साखळी घालून स्वच्छ जागी न्यायचं. आणि जखम रोज सकाळ-संध्याकाळ उजेडात बघायची.

ऑपरेशनच्या आधी एक गोष्ट हट्टाने करून घे: रक्ताची तपासणी. आपल्याकडे गोचिडांचा किती सुळसुळाट आहे, तू बघतेसच. गोचीडतापात रक्त गोठवणाऱ्या पेशी, प्लेटलेट, गुपचूप कमी होतात. कुत्री वरून हसत-खेळत असते आणि टेबलावर रक्त थांबत नाही. चिंगीच्या कानात, बोटांच्या बेचक्यांत आजच बघ. गोचीड दिसली तर आधी औषध, मग तपासणी, मग तारीख. रेबीजची आणि बाकीची लस झालेली असू दे.

डॉक्टर कोण हा प्रश्न तू टाळलास, पण मला माहीत आहे तोच तुला सतावतो. आपल्या भागातले ढोरांचे डॉक्टर गाई-म्हशींत मुरलेले असतात. अडलेली म्हैस सोडवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण लहान जनावराला भूल देणं हे रोजच्या सरावाचं काम आहे. सरळ विचार, त्यात अपमान नाही: ‘डॉक्टरसाहेब, तुम्ही कुत्रींची ही ऑपरेशनं नेहमी करता का? भूल कोणती देता, आणि ऑपरेशन चालू असताना तिचा श्वास, नाडी कोण बघतं? दुखणं कमी करायचं औषध किती दिवसांचं देता?’ चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. करत नसेल तर स्वतःच सांगतो की धुळ्याला घेऊन जा. धुळ्याला न्यायचं ठरलं तर मोटारसायकलवर मध्ये धरून आणायचा विचार करू नका. गाडी सांगून ठेवा, परतीला ती भुलेतून नुकती जागी झालेली असेल, खड्ड्यांचा रस्ता आहे.

आदल्या रात्रीपासून जेवण नाही, पाणी कधी बंद करायचं ते डॉक्टर सांगतील. पोरांना आधीच बजाव, कारण लाडाने बिस्किट तीच देतात, आणि भुलेत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. घरी आणल्यावर ती त्या रात्री कण्हेल, डोळे लावून पडेल, अंग गार लागेल, तर पांघरूण घाल. दुसऱ्या दिवशी थोडं खायला हवं. चोवीस तास उलटूनही तोंड लावलं नाही, हिरड्या पांढऱ्या फटक दिसल्या, पोट फुगलं किंवा टाक्यांतून रक्त ठिबकलं, तर उद्या बघू म्हणायचं नाही, फोन करून निघायचं. दहा ते चौदा दिवस जिना नाही, उड्या नाहीत, आंघोळ नाही, आणि कॉलर काढायची नाही. ती केविलवाणं बघेल, पोरं म्हणतील काढ गं, पण जिभेने एका रात्रीत टाके उसवतात. आणि आपल्या डब्यातली गोळी, डायक्लोफेनॅक असो की आयबुप्रोफेन, तिला कदापि नाही. माणसाची ही औषधं कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड जाळतात.

पुढे खाणं पाव हिश्श्याने कमी कर. सासूबाई तिला कळण्याची भाकर दुधात कुस्करून घालतात, ते चालू राहू दे, फक्त चतकोर कमी. शेवभाजीचा रस्सा मात्र एरवीही बंद. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला वाईट.

शेरूकडे येते. तो जर्मन शेफर्ड, वर्षाचा. त्याची आता करायची नाही. जेठ म्हणतात तशी ‘नसबंदी केली की राखण सोडेल’ या भीतीने मात्र नाही, कारण ती भीती खरी नाही. परका आला की भुंकणं हे वृषणांतून येत नाही, ते त्याच्या जातीत आणि सवयीत आहे, आणि मादी कुत्रीही तितकीच राखण करते. थांबायचं ते हाडांसाठी. पाऊण क्विंटलची पोती उचलणाऱ्या माणसांमध्ये दिवसभर धावणाऱ्या कुत्र्याचे खुबे जन्मभर टिकायला हवेत. दोन वर्षांचा होऊ दे, मग थंडीत बघा.

तेव्हाही करायचीच असं नाही. पुन्हा फाटकापाशी येते मी. पथारीला चारही बाजूंनी भक्कम तार असेल आणि तो कधीच एकटा बाहेर जात नसेल, तर नराची नसबंदी न करताही तो सुखाने म्हातारा होऊ शकतो. म्हातारपणी प्रोस्टेट वाढते, ते लक्षात ठेवायचं. पण पथारी उघड्या माळावर असते आणि राखणदार झोपला की शेरू मोकळा, हेच खरं असेल, तर त्याला भादव्यात रस्ता ओलांडण्यापासून, मारामाऱ्यांपासून आणि एका विचित्र रोगापासून वाचवायला हवं. समागमातून पसरणारी एक गाठ असते. तिच्यात आजारी कुत्र्याच्या पेशीच निरोग्याच्या अंगात जाऊन रुजतात. हजारो वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या शरीरात ती सुरू झाली आणि अजून एका अंगातून दुसऱ्या अंगात जगते आहे. भारतात मोकळ्या कुत्र्यांत ती फार दिसते. इंद्रियातून थेंब थेंब रक्त पडताना दिसलं तर जेठांनी लघवीचा त्रास समजून घरगुती उपाय करत बसू नये. दर आठवड्याला व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन दिलं की काही आठवड्यांत बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात.

नसबंदीने शेरूचं भटकणं, जागोजागी पाय वर करणं, माद्यांवरून होणारी भांडणं कमी होतील. तो हमालाच्या पोराला दात दाखवतो, ते मात्र भीतीने आहे, मी बघितलंय त्याला. कान मागे, शेपूट पोटाखाली. भीतीतून येणारा राग नसबंदीने जात नाही, कधी वाढतोही. त्याला साखळीवर बांधून ठेवणं थांबवून माणसांची सवय लावावी लागेल, ते काम चाकूने होणार नाही. आणि त्याची दोन्ही वृषणं खाली उतरली आहेत का, एकदा हात लावून बघायला सांग. एक पोटातच राहिलं असेल तर त्यात गाठ होण्याचा धोका कितीतरी पट वाढतो. तसं असेल तर फाटक, तार, काहीही असो, दोन वर्षांनंतर ऑपरेशन करायचंच.

जेठांच्या मित्राने जोडी लावायचं सुचवलंय, पिल्लं हजारोंनी विकली जातात म्हणून. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला नोंदणी लागते. मादी अठरा महिन्यांच्या आत फळवता येत नाही, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचांच्या वर नाही, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. हे सगळं पाळायची तयारी आहे का, एवढंच त्यांना विचार. २०२३ च्या केंद्राच्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतही पाळीव कुत्र्याचं जंतनाशक, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाचीच जबाबदारी लिहिली आहे. नगरपालिकेने पकडून करावी अशी ती गोष्ट नाही. आणि चिंगीच्या गळ्यात पट्टा कायम ठेव, नसबंदीचा डॉक्टरांचा कागद जपून ठेव. गावठी म्हणून उद्या पकडणारी गाडी तिला उचलून नेईल तेव्हा तोच कामी येईल.

एक गोष्ट कुणी कितीही सोपी करून सांगितली तरी करू नकोस: माज पुढे ढकलायचं इंजेक्शन. स्वस्त असतं, एका टोचणीत काम होतं, म्हणून दिलंही जातं. त्यातल्या हार्मोनमुळे गर्भपिशवीत पू होण्याचा आणि स्तनांत गाठी होण्याचा धोका वाढतो, म्हणजे ज्यासाठी नसबंदी करायची तेच ओढवून घ्यायचं.

नॉर्वेत सबळ कारणाशिवाय कुत्र्याची नसबंदी करणं कायद्यालाच मान्य नाही, असं तू कुठेतरी वाचलंस आणि गोंधळलीस. खरं आहे ते. पण तिथल्या रस्त्यावर मोकळं कुत्रं नसतं, फाटक उघडं राहिलं तरी बाहेर वाट बघत कुणी बसलेलं नसतं. त्यांचा नियम त्यांच्या गल्लीसाठी बरोबर आहे. तुझ्या फाटकाबाहेर आत्ता किती नर झोपलेत, ते तू रोज बघतेस.

उद्या सकाळी चिंगीचं वजन कर, गोचिडी बघ आणि डॉक्टरांना फोन लाव. रक्ताचा रिपोर्ट हातात आला की मला सांग. श्रावणातले सोमवार आणि सासूबाईंचे उपास बघून आपण तारीख धरू, म्हणजे पहिले दोन दिवस घरात कुणीतरी मोकळं असेल. पाहुण्यांना नाही जमलं तर धुळ्याला मी येते तुझ्याबरोबर.